सरी

कसबा बावड्याच्या कोर्टात मी अठ्ठावीस वर्षं दुभाषा आहे,
म्हणजे दोन तोंडांमधला चिंचोळा बोळ.
माझं स्वतःचं काही बोलायचं नसतं.
बोललोच, तर साहेब खोडायला लावतात.

त्या दिवशी पिंजऱ्यात नीलव्वा मगदूम.
माहेर चिकोडीकडचं, वडणग्यात नांदून चाळीस वर्षं झालेली.
बाजारात वांग्यांचा भाव मराठीत पाडून घेते,
पण शपथ घेतली की जीभ माहेरी जाते.

दावा वाटेचा होता.
दोन उसांच्या मधली, बैलगाडीपुरती वाट,
शेजाऱ्याने एका रात्रीत नांगरून टाकलेली.

वकील म्हणाले, विचारा तिला,
सदर वहिवाट कायदेशीर होती काय?
कायद्याचं मी कानूनू केलं. तिने ते झटकलं,
जसा पदरावरचा भुसा झटकतात,
आणि म्हणाली, "सरी इत्तु री."

विरोधी वकील ताडकन उठले.
"साहेब, घ्या लिहून! बाईच कबूल करते,
तिथं सरी होती! वाट नव्हतीच!"

कोर्ट हसलं. टायपिस्ट सुलभाबाईंची बोटं हवेत राहिली.
आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

एका शब्दाला इतका वेळ लागत नाही. मला लागला.

माझी ऋजुता विद्यापीठात जर्मन शिकते.
भाकरी थापता थापता म्हणाली होती,
त्यांच्याकडे कायद्याला आणि सरळ असण्याला एकच शब्द.
मी म्हटलं, मग आपली पंचगंगा
कुठल्या कलमाखाली वळते गं?
जमादार वकिलांचं म्हणणं, कायदा म्हणजे अरबीत जोतं.
जोतं भक्कम असलं की झालं,
वर घर कुणाचं ते तुम्ही बघा.
आणि कानून ही मूळची ग्रीकांची मापाची काठी,
हिंडत हिंडत आमच्या सात-बाऱ्यावर येऊन टेकलेली.
रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका कोशात
चिनी अक्षर पाहिलंय, कायद्याचं.
डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब.
ते मला लगेच पटलं. ज्याने रात्री दोनला
पाटाचं पाणी धरलंय त्याला पटणारच.
शिरस्ता म्हणजे दोऱ्याचं टोक,
हे आमच्या शिरस्तेदारांना अजून कुणी सांगितलेलं नाही,
नुसत्या लाल फिती सोडत बसतात दिवसभर.

आणि सरी?
तिच्या कन्नडमध्ये सरी म्हणजे बरोबर.
बरं आहे, जुळतंय, कुणाचं अडत नाही.
सासू त्या वाटेने गेली, सासूची म्हैस गेली,
दीर गेला तो तिथूनच खांद्यावर गेला,
कुणी कुणाला कागद विचारला नाही.
हे सगळं त्या दोन अक्षरांत होतं
आणि मला प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं.

मी म्हणालो, "साहेब, साक्षीदाराच्या भाषेत सरी म्हणजे योग्य."
साहेब म्हणाले, "योग्य म्हणजे कायदेशीर?"
नीलव्वा माझ्या तोंडाकडे बघत होती,
तिला सगळं कळत होतं, हेच तर अवघड.
मी मान हलवली.
सुलभाबाईंनी बडवलं :
होय, सदर वहिवाट कायदेशीर होती.

खोटं नव्हतं ते. पण ती तसं म्हणाली नव्हती.

पुढची तारीख पडली, आषाढातली.
बाहेर चहाच्या गाड्यावर ती कप बशीत ओतत होती.
मला बघून मराठीत म्हणाली,
"लई इच्चार केलासा ओ एवढ्याशा शब्दाचा.
तितं आता खरंच सरी हाय बगा.
त्येनं ऊस लावलाय."